परदेशी बँडचा ड्रमर गेला म्हणून कोल्हापुरातल्या माणसानं एवढं दुःख का करावं?

तुम्ही लिहिलंय की रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमचा मोठा भाऊ दर २४ ऑगस्टला दुकान लवकर बंद करतो, स्टोन्सची गाणी लावून एकटा बसतो आणि डोळे पुसतो. ज्याला कधी भेटला नाही, त्याच्यासाठीचं हे दुःख खरं असतं की नुसतं दाखवण्यापुरतं, असा तुमचा प्रश्न. तुमच्या भावाला मी ओळखत नाही. पण चार्ली गेला तेव्हा मीही रडलोय, म्हणून सांगतो, खरं असतं.

मी पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले. गणपतीत रोज वेगळ्या मंडळासमोर, लग्नसराईत हॉलवर, सगळी हिंदी-मराठी गाणी. स्टोन्सची कॅसेट एका मित्रानं दिली, तेव्हा पहिल्यांदा ऐकताना ड्रमकडे लक्षच गेलं नाही. अवघड असं काही ऐकूच येत नव्हतं. मग तेच वाजवायला बसलो आणि महिनाभर जमेना.

त्यातली गोम सांगतो. हाय-हॅट म्हणजे स्टँडवर एकीवर एक बसवलेल्या दोन झांजा. उजव्या हातानं त्यांवर सारखं टिक-टिक चालू ठेवायचं आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला डाव्या हातानं स्नेअरवर, म्हणजे खालून तारा लावलेल्या पुढ्यातल्या ड्रमवर, ठोका द्यायचा. बहुतेक ड्रमर त्या मात्रेला दोन्ही हात एकदम मारतात. चार्ली मात्र तेवढ्यापुरता उजवा हात वर उचलून घ्यायचा. स्नेअर एकटाच वाजायचा, मोकळा. बस्स, एवढंच. पण तेवढ्यानं गाणं पुढं पळत नाही, जरा रेलून, ऐटीत चालतं. मला ते साधलं आणि हातात असं बसलं की लावणीला साथ करतानासुद्धा उजवा हात वर जायचा. आमचे गायक वैतागायचे. तो हात आजही जातो. लंडनमधल्या एका माणसाची सवय माझ्या खांद्यात मुक्कामाला आली आहे, मग त्याला मी परका कसा म्हणू?

दुसरी गोष्ट मला खासबागेत कळली. लहानपणी आजोबांबरोबर कुस्त्या बघायला जायचो. आखाड्याच्या कडेला हलगीवाले जाळ करून हलगी शेकायचे, बोटानं टिचकी मारून आवाज चढला का बघायचे, पुन्हा शेकायचे. कुस्ती लागली की हलगीवाला पब्लिककडे बघत नाही. नजर पैलवानाच्या पायावर. पट काढायला कुणी वाकला की ठोका आधीच बदललेला असतो. आपण कुस्ती बघतो, पण अंगावर काटा येतो तो हलगीमुळं. स्टोन्समध्ये चार्ली तसाच होता. बाकी बँडमध्ये सगळे ड्रमरच्या मागं जातात, हा कीथ रिचर्ड्सच्या गिटारवर नजर ठेवून तिच्या किंचित मागून चालायचा. गायक मिक जॅगर स्टेजभर धावतोय, लोक त्याच्याकडे बघतायत, आणि हा मागं बसून सगळं तोलून धरतोय.

त्याला ओढ होती जॅझची. पोरवयात घेतलेल्या बँजोची मान काढून टाकून त्यानं उरलेल्या भागाचा ड्रम केला आणि त्यावर ड्रमचे तारांचे ब्रश चालवत शिकला. आपल्याकडे डबे बडवत शिकलेल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. जानेवारी १९६३ मध्ये तो स्टोन्समध्ये आला आणि मरेपर्यंत, म्हणजे अठ्ठावन्न वर्षं, तिथंच राहिला. २००४ मध्ये घशाचा कॅन्सर झाला, उपचार घेऊन परत स्टूलवर येऊन बसला.

मी त्याला एकदाच बघितलं. ७ एप्रिल २००३, मुंबई, ब्रेबॉर्न स्टेडियम. आम्ही तिघं महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलो होतो, दोघांचंच रिझर्व्हेशन होतं, रात्रभर आळीपाळीनं झोपलो. इतक्या लांबून तो मला अंगठ्याएवढा दिसत होता. एकसष्ट वर्षांचा माणूस, पांढरे केस, चेहऱ्यावर काही नाही. मी गाणी ऐकलीच नाहीत म्हणा ना, दोन तास त्याचा उजवा हात बघत राहिलो.

२०२१ च्या जुलैत पंचगंगेला पूर आला तेव्हा शाहूपुरीतल्या मित्राच्या खोलीत आमचा जुना ड्रमसेट होता. पाणी ओसरल्यावर बघितलं तर स्नेअरच्या लाकडाला पोपडे सुटलेले, खालच्या तारांना गंज, कड्यांच्या आत बारीक काळा गाळ. फेकवत नव्हता, दुरुस्तही होत नव्हता. तसाच महिना गेला आणि २४ ऑगस्टच्या रात्री मित्राचा फोन आला, "चार्ली गेला रे." ऐंशी वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या खोलीत जमलो. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण स्नेअर खोलून बसलो. एकानं टूथब्रशनं गाळ काढला, एकानं स्क्रू तेलात भिजवले, मी तारांना पॉलिश पेपर मारला. संध्याकाळी तो परत उभा केला. आवाज बसका येत होता. गाणं न लावता आळीपाळीनं फक्त तो एक ठेका वाजवला. ज्याची पाळी नसायची तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. आम्ही रडलो ते तेव्हा.

महिन्याभरानं, २६ सप्टेंबरला, अमेरिकेत सेंट लुईसला स्टोन्स पुन्हा उभे राहिले, ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन. सुरुवातीला स्टेज रिकामं होतं, नुसता ड्रमचा आवाज, आणि पडद्यावर चार्लीचे फोटो. मोबाइलवर ते बघून माझा मित्र म्हणाला, "बघ, आधी त्याला वाजू दिलं." त्या दोन मिनिटांसाठी मी त्या बँडला कायम मानीन.

यंदा २४ ऑगस्टला भावाजवळ जाऊन बसा. काही विचारू नका. त्यानं मांडीवर ठेका धरला असेल तर उजव्या हाताकडे बघा, दुसऱ्या मात्रेला तो वर उचलला जातो का ते.