‘विश्वासविरोधी’, ‘न्यासविरोधी’ की ‘मक्तेदारीविरोधी’?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या औद्योगिक इतिहासावरच्या एका मराठी लेखात ‘1890 चा शर्मन विश्वासविरोधी कायदा’ असे वाचले, दुसरीकडे त्याच कायद्याला ‘न्यासविरोधी’ म्हटलेले दिसले. आपल्याकडे ट्रस्ट म्हणजे देवस्थान, शिक्षणसंस्था, धर्मादाय दवाखाना. मग अमेरिकेने त्याविरुद्ध कायदा कशासाठी केला? आणि या दोन्ही शब्दांमागच्या इंग्रजी ‘अँटीट्रस्ट’ला मराठीत काय लिहावे?

‘विश्वासविरोधी’ ही उघड चूक आहे. शब्दकोशात ‘ट्रस्ट’पुढे पहिला अर्थ ‘विश्वास’ सापडतो, तो उचलला की असे होते. ‘न्यासविरोधी’ची फोड बरोबर आहे, पण वाचकापुढे धर्मादाय संस्था उभी राहते आणि पुढचा मजकूर त्याला कळत नाही. कायद्याबद्दल लिहिताना ‘मक्तेदारीविरोधी कायदा’ लिहावे, आणि 1880 च्या दशकातल्या त्या खास व्यवस्थेबद्दल लिहिताना ‘ट्रस्ट’ हाच शब्द एकदा समजावून सांगून तसाच ठेवावा, असे माझे मत आहे.

आता ती व्यवस्था काय होती ते पाहू. कायद्याच्या दृष्टीने ती आपल्या देवस्थान ट्रस्टच्याच कुळातली आहे: मालमत्ता नावावर विश्वस्तांच्या, तिचा लाभ मात्र दुसऱ्यांना. महाराष्ट्रातल्या कायद्याच्या नावात याला ‘विश्वस्तव्यवस्था’ म्हटले आहे, आणि हा शब्द नेमका आहे. खाजगी ट्रस्टांसाठीचा भारतातला कायदा 1882 चा. त्याच वर्षी, 2 जानेवारीला, हीच रचना अमेरिकेत खनिज तेलाच्या धंद्याला लावली गेली.

त्यामागे एक अडचण होती. स्टँडर्ड ऑइल ही 1870 मध्ये ओहायो राज्यात नोंदलेली कंपनी. कंपनीला सनद देणे तेव्हा राज्याच्या हाती होते, आणि ओहायोच्या कंपनीला दुसऱ्या कंपन्यांचे शेअर स्वतःच्या नावावर घेऊन त्या चालवण्याची मुभा नव्हती. इकडे या कंपनीचे प्रमुख जॉन रॉकफेलर आणि त्यांच्या भागीदारांनी 1870 च्या दशकात क्लीव्हलँडपासून न्यूयॉर्कपर्यंतचे तेल शुद्धीकरणाचे कारखाने एकेक करून ताब्यात आणले होते. देशातले सुमारे 90 टक्के शुद्धीकरण त्यांच्या हाती आले, पण हा पसारा कायदेशीरपणे कोणाच्या नावावर ठेवायचा हे ठरत नव्हते. त्यांचे वकील सॅम्युएल डॉड यांनी वाट काढली. सुमारे चाळीस कंपन्यांच्या भागधारकांनी आपापले शेअर नऊ विश्वस्तांच्या नावे केले. शेअर देणाऱ्याला बदल्यात ट्रस्टची प्रमाणपत्रे मिळाली, प्रत्येकी 100 डॉलर दर्शनी किमतीची, एकूण सुमारे 7 कोटी डॉलरची. शेअर विश्वस्तांकडे असल्याने मताचा अधिकारही त्यांच्याकडे गेला. प्रत्येक कंपनीचे संचालक तेच निवडू लागले. चाळीस कंपन्यांचा लाभांश त्यांच्याकडे जमा होई आणि प्रमाणपत्रांच्या प्रमाणात वाटला जाई. कोणता कारखाना चालू ठेवायचा, कोणता बंद करायचा, तेल कोणत्या भावाने विकायचे, हे नऊ जण ठरवत. कागदावर प्रत्येक कंपनी वेगळीच राहिली, आणि एकीनेही दुसरीचा शेअर घेतलेला नव्हता.

याआधीची रीत होती ‘पूल’ची, आणि इथे मराठी लेखकाने फार जपायला हवे. ‘रेल्वे पूल’ असे लिहिले की वाचणारा नदीवरचा पूलच समजणार. हा पूल म्हणजे स्पर्धक कंपन्यांनी दर ठरवून घेऊन वाहतूक किंवा उत्पन्न आपसात वाटून घेण्याचा करार. शिकागो ते ओमाहा या मार्गावरच्या तीन रेल्वे कंपन्यांनी 1870 मध्ये असा करार केला. उत्पन्नाचा काही भाग ज्याचा त्याने ठेवायचा आणि उरलेला तिघांनी सारखा वाटून घ्यायचा. याला ‘वाटणी-करार’ म्हणावे. अशा करारांचे दुखणे एकच होते: न्यायालय ते बजावून देत नसे. मंदी आली की एखादा सभासद गुपचूप दर उतरवून गिऱ्हाईक पळवी, आणि बाकीच्यांना त्याच्यावर दावा लावता येत नसे. 1887 च्या आंतरराज्य वाणिज्य कायद्याने रेल्वेपुरते हे करार बेकायदाच ठरवले. ट्रस्टमध्ये ही फट उरत नव्हती, कारण तिथे नुसता शब्द दिलेला नसे, शेअरच हातचे गेलेले असत.

याच प्रकरणात येणारा ‘ड्रॉबॅक’ हा शब्दही असाच फसवतो. त्याचे भाषांतर ‘उणीव’ किंवा ‘तोटा’ असे केले तर वाक्याचा अर्थच जातो. रेल्वेने बड्या गिऱ्हाइकाला छापील भाड्यातली काही रक्कम परत देणे म्हणजे रिबेट, म्हणजे आपली ‘सूट’. ड्रॉबॅकची गोष्ट निराळी. त्यात स्पर्धकाने आपल्या मालासाठी भरलेल्या भाड्यातूनही काही हिस्सा या बड्या गिऱ्हाइकाला मिळे. रेल्वे कंपन्या आणि काही बडे शुद्धीकरणवाले यांनी मिळून 1872 मध्ये आखलेल्या साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनीच्या योजनेत पेनसिल्व्हेनियाच्या तेलक्षेत्रातून क्लीव्हलँडला जाणाऱ्या पिंपामागे 80 सेंट भाडे ठरले. आतल्या गोटातल्यांना त्यातले 40 सेंट परत मिळणार होते, आणि बाहेरच्यांनी पाठवलेल्या प्रत्येक पिंपामागेही 40 सेंट त्यांनाच मिळणार होते. तेलक्षेत्रात इतका संताप उसळला की योजना अमलात येण्याआधीच त्या कंपनीची सनद रद्द झाली. मराठीत ‘स्पर्धकाच्या भाड्यातला हिस्सा’ असे सरळ सांगावे. एका शब्दात बसवण्याचा हट्ट धरू नये.

तेलाचे पाहून इतरांनीही तीच घडी उचलली. 1884 मध्ये सरकीच्या तेलाचा ट्रस्ट झाला, 1887 मध्ये साखरेचा, व्हिस्कीचा आणि शिशाचा. मग वर्तमानपत्रे आणि शेतकरी संघटना कोणत्याही अवाढव्य धंद्याला ‘ट्रस्ट’ म्हणू लागल्या. सिनेटर जॉन शर्मन यांचा कायदा 2 जुलै 1890 रोजी झाला तो या वातावरणात, आणि म्हणून त्याला ‘अँटीट्रस्ट’ हे नाव चिकटले. कायद्याच्या अधिकृत शीर्षकात मात्र तो शब्द नाही. तिथे बेकायदा निर्बंध आणि मक्तेदारी यांपासून व्यापाराचे रक्षण, असे म्हटले आहे. ‘मक्तेदारीविरोधी’ला याहून चांगला आधार कोणता हवा?

पुढच्या भागात अभ्यासकही गोंधळतात, म्हणून सालवारी ध्यानात ठेवावी. खरे ट्रस्ट फार टिकले नाहीत. 1892 मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या स्टँडर्ड ऑइलला ट्रस्टमधून बाहेर पडायला सांगितले. करारावर सह्या भागधारकांच्या आहेत, कंपनीच्या नाहीत, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. सगळेच भागधारक मिळून करतात ती कंपनीचीच कृती, आणि सनदेत तिला परवानगी नाही, असे ठरले. हा निकाल राज्याच्या कंपनी कायद्याखालचा होता, शर्मन कायद्याखालचा नव्हे. तोवर न्यू जर्सी राज्याने एका कंपनीला दुसऱ्या कंपन्यांचे शेअर धरायची मुभा दिली होती. त्यामुळे विश्वस्तांची गरजच संपली. 1899 मध्ये न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल ही सगळ्या गटाची होल्डिंग कंपनी झाली. होल्डिंग कंपनीला मराठीत ‘सूत्रधारी कंपनी’ हा उत्तम शब्द रुळलेला आहे. 2005 मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन झाल्यापासून तो आपल्या बातम्यांतही दिसतो.

तेव्हा ‘1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइल ट्रस्ट मोडला’ हे वाक्य चुकीचे आहे. 15 मे 1911 च्या निकालाने जिचे 34 कंपन्यांत तुकडे झाले ती सूत्रधारी कंपनी होती, ट्रस्ट केव्हाच संपला होता. 1904 च्या निकालात बेकायदा ठरलेली नॉर्दर्न सिक्युरिटीज हीही रेल्वेमार्गांची सूत्रधारी कंपनीच. 1901 मध्ये कार्नेगी यांचा पोलाद धंदा सामावून घेऊन उभ्या राहिलेल्या यू. एस. स्टीलला इंग्रजी पुस्तके ‘स्टील ट्रस्ट’ म्हणतात, ते लोकांच्या बोलीतून. मराठीत तिथे ‘पोलाद उद्योगातली महाकंपनी’ म्हटले तर घोटाळा होणार नाही. थोडक्यात, भाषांतर करताना आधी साल पाहावे, मग शब्द निवडावा.

‘मक्तेदारी’वर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. मक्ता मूळचा सरकारने दिलेला: अफूचा मक्ता, दारूचा मक्ता. रॉकफेलरना तर सरकारने मक्ता दिला नव्हता. हे खरे आहे. पण इंग्लंडातही मोनोपॉली हा शब्द राजाने दिलेल्या एकाधिकारासाठीच वापरात होता. 1624 चा तिथला कायदा त्याच एकाधिकारांना आवरण्यासाठी झाला. दोन्ही शब्द सरकारी देणगीकडून बाजारातल्या सत्तेकडे आले आहेत, आणि आजचा मराठी वाचक ‘मक्तेदारी’ ऐकून दुसरे काही समजत नाही. हिंदीतला ‘एकाधिकार’ घेण्याची गरज नाही.

खरी उणीव दुसरीकडे आहे. शर्मन कायद्याचे पहिले कलम मक्तेदारीबद्दल नाहीच. राज्याराज्यांतल्या किंवा परदेशांशी चालणाऱ्या व्यापाराला आडकाठी करणारा करार, ‘ट्रस्टच्या किंवा अन्य रूपातले’ कॉम्बिनेशन (म्हणजे अनेकांनी एकत्र येणे), आणि कट, हे सर्व ते बेकायदा ठरवते. दहा छोट्या विक्रेत्यांनी मिळून भाव ठरवला तर कोणाचीच मक्तेदारी नसते, तरी कलम लागू होते. दुसरे कलम मक्तेदारीचे, पण तेही क्रियापदाने सांगितलेले आहे: मक्तेदारी निर्माण करणे, तसा प्रयत्न करणे, त्यासाठी कट करणे. चांगला माल विकून कोणी बाजारात एकटा उरला तर तेवढ्याने गुन्हा होत नाही. म्हणून ‘अमेरिकेत मक्तेदारी बेकायदा आहे’ असे मोघम लिहू नये. आजच्या कायद्याबद्दल, उदाहरणार्थ गूगलवरच्या खटल्यांबद्दल, लिहिताना ‘स्पर्धा कायदा’ हाही पर्याय चालेल. आपला 2002 चा कायदा त्याच नावाचा आहे. पण 1890 च्या मजकुरात तो शब्द काळाशी जुळत नाही.

कॉम्बिनेशनसाठी मी ‘जूट’ (‘एकजूट’मधला) सुचवतो. ‘विलीनीकरण’ फार अरुंद आहे, आणि ‘संगनमत’ म्हटले की दुष्ट हेतू गृहीत धरला जातो. न्यायालयांनी हा शब्द कामगार संघटनांनाही लावला. कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या एका टोपी कारखान्याच्या मालावर संघटनेने बहिष्कार पुकारला होता, आणि 1908 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो शर्मन कायद्याच्या कक्षेत आणला. तिथे ‘विलीनीकरण’ हा शब्द बसतच नाही, ‘जूट’ बसतो. 1914 च्या क्लेटन कायद्यात माणसाचे श्रम ही विक्रीची वस्तू नव्हे असे कलम घालावे लागले ते या निकालानंतर, त्यामुळे दोन्ही कायद्यांच्या भाषांतरात कॉम्बिनेशनला एकच प्रतिशब्द ठेवावा.