फळे व भाज्या भरलेला चिकन रोल भाजल्यावर मांस कोरडे आणि सारण पाणचट का होते?

सफरचंद, गाजर आणि सिमला मिरची भरून केलेला रोल बाहेरून चिवट आणि आतून पाणचट होतो, मग ओव्हनचे तापमान कमी करावे की वेळ, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोष तापमानाचा फारसा नसून कच्च्या सारणाचा आहे. कच्चे सफरचंद आणि सिमला मिरची तापताच पाणी सोडतात. ते पाणी रोलमध्ये कोंडले जाते, मध्यभाग तापायला वेळ लागतो, आणि तोवर बाहेरचे मांस गरजेपेक्षा जास्त शिजून जाते.

म्हणून सारण आधी कढईत परतून कोरडे करावे आणि पूर्ण थंड झाल्यावरच भरावे. 600 ग्रॅम मांसासाठी मी एक मध्यम कांदा, एक किसलेले गाजर आणि एक आंबट हिरवे सफरचंद बारीक चिरून चमचाभर लोण्यावर पाणी आटेपर्यंत परतते, मग त्यात सात-आठ सुके जर्दाळू किंवा बिया काढलेले सुके आलुबुखार चिरून घालते आणि तीन-चार चमचे पावाचा कोरडा चुरा, मिरपूड व थोडे थाइम मिसळते. सुका मेवा येथे केवळ गोडीसाठी नाही, तो मांसातून सुटणारा रस शोषून घेतो. जर्मनीत सफरचंद भरून बदक-हंस भाजण्याची प्रथा जुनी आहे, परंतु तेथे पक्ष्याची चरबी सारणाला सांभाळून घेते. कोंबडीच्या छातीच्या मांसात तेवढी चरबी नसते. टोमॅटो सारणात टाळावा. पालक घालायचा असेल तर वाफवून घट्ट पिळून घ्यावा.

अननसाबद्दल एक सूचना स्वतंत्रपणे देते, कारण अनेकांना त्याचा मोह होतो. ताज्या अननसात ब्रोमेलिन हे प्रथिने तोडणारे विकर असते आणि कच्च्या पपईत त्याच जातीचे पपेन. कबाबाचे मांस मऊ करण्यासाठी आपल्याकडे कच्ची पपई लावतात ती याचमुळे. रोलमध्ये मात्र त्यामुळे सारणाला लागून असलेले मांस पिठूळ होते. डब्यातला अननस उष्णतेने प्रक्रिया केलेला असल्यामुळे तो चालतो, पण तोही चाळणीत चांगला निथळून घ्यावा.

मांस निवडताना छातीऐवजी हाड काढलेली मांडी घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. मांडीत चरबी आणि संयोजी ऊती अधिक असल्यामुळे ती पाच-दहा अंश जास्त तापली तरी रसदार राहते, छाती मात्र तेवढ्यात भुसभुशीत होते. आपल्याकडे चिकनवाला बहुधा कातडी सोलूनच देतो, तेव्हा कातडीसकट हवी असल्यास आधी सांगून ठेवावे. कातडी वरून राहिली तर लोण्याचा हात फिरवण्याचीही फारशी गरज पडत नाही. छातीच घ्यायची असल्यास आडवा काप देऊन ती उघडावी, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकत सर्वत्र साधारण एक सेंटिमीटर जाडीची करावी. जाडी असमान राहिली की एक टोक कच्चे आणि दुसरे कोरडे होणारच. मीठ शक्यतो काही तास आधी लावून मांस फ्रिजमध्ये ठेवावे, म्हणजे ते आतपर्यंत मुरते आणि भाजताना पाणी कमी सुटते.

तुकडे एकमेकांवर दोन सेंटिमीटर चढवून मांडावेत, कडेला बोटभर जागा सोडून सारणाचा पातळ थर द्यावा आणि अळूवडीच्या गुंडाळीप्रमाणे कडा आत मुडपून घट्ट गुंडाळावे. सारण मांसाच्या वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त झाले की रोल फाटतो, हे ध्यानात ठेवावे. मग साध्या सुती दोऱ्याने दर तीन सेंटिमीटरवर बांधून सांधा खाली ठेवावा. भरलेला कच्चा रोल रात्रभर ठेवू नये, लगेच भाजावा.

तव्यावर सर्व बाजूंनी रंग आणून मग 180 अंश सेल्सिअसवर आधीच तापवलेल्या ओव्हनच्या मधल्या कप्प्यात ठेवल्यास या आकाराच्या रोलला साधारण 40 ते 50 मिनिटे लागतात. घड्याळापेक्षा मांसाच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवावा आणि तो अगदी मध्यभागी, सारणात खुपसावा; कच्च्या मांसाचा रस सारणातही उतरलेला असतो, म्हणून तेथेच 74 अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबून मगच दोरा सोडावा, नाहीतर रस पाटावर वाहून जातो. ट्रेमधल्या रसात थोडे संत्र्याचे पाणी घालून आटवले की पुरेसा सॉस होतो. उरलेला रोल फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतो, आणि थंड असताना पातळ कापून सँडविचमध्ये घातला तर मला गरमपेक्षाही अधिक आवडतो.