फाइल एक, विंडो दोन

गेल्या काही अंकांपासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एकच दस्तऐवज दोन ठिकाणी उघडा ठेवण्याविषयीचे प्रश्न वारंवार दिसत आहेत. काही वाचक तयार प्रोग्रॅम वापरणारे आहेत, तर काही स्वतः प्रोग्रॅम लिहिणारे आहेत. दोघांच्या अडचणींचे मूळ बहुतेक वेळा एकच निघते, म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी वर्डमध्ये एक मोठा अहवाल लिहीत आहे. पहिल्या प्रकरणातील व्याख्या पाहत पाहत शेवटच्या प्रकरणातील मजकूर दुरुस्त करावा लागतो. सारखे वर-खाली जाण्याचा कंटाळा आल्यामुळे मी फाइलची दुसरी प्रत काढून शेजारी उघडली. परंतु आता काही दुरुस्त्या एका प्रतीत आणि काही दुसऱ्या प्रतीत आहेत. यावर उपाय काय?

उत्तर : प्रत काढू नये, हा पहिला उपाय. वर्डच्या ‘व्ह्यू’ टॅबमध्ये ‘न्यू विंडो’ असे बटण असते. ते दाबल्यावर तीच फाइल दुसऱ्या विंडोत उघडते आणि कोणती विंडो कोणती हे ओळखता यावे म्हणून शीर्षकाच्या शेवटी 1 आणि 2 असे आकडे लागतात. दोन्ही विंडोंच्या मागे दस्तऐवज एकच असल्यामुळे एकीत टाइप केलेले अक्षर दुसरीत लगेच दिसते आणि सेव्ह कोणत्याही विंडोतून केले तरी चालते. पडदा लहान असेल तर त्याच टॅबमधील ‘स्प्लिट’ वापरावे. त्याने एकाच विंडोचे वरचा आणि खालचा असे दोन भाग होतात व प्रत्येक भाग स्वतंत्रपणे स्क्रोल करता येतो.

‘व्ह्यू साइड बाय साइड’ वापरताना मात्र एक काळजी घ्यावी. त्यात दोन्ही विंडो बरोबरीने सरकवणारे ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’ आपोआप चालू होते. दोन आवृत्त्यांची तुलना करताना ते सोयीचे असते, पण आपल्या कामात त्याचा अडथळाच होईल, म्हणून ते बंद करावे. लिबरऑफिसच्या रायटरमध्ये, म्हणजे त्याच्या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये, ‘विंडो’ मेन्यूत ‘न्यू विंडो’ आहे. विंडो दुभागण्याची सोय तेथे कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये आहे, रायटरमध्ये नाही.

दोन प्रतींत विखुरलेल्या दुरुस्त्या एकत्र करण्यासाठी वर्डच्या ‘रिव्ह्यू’ टॅबमधील ‘कंपेअर’खाली मिळणारे ‘कंबाइन’ वापरावे. नजरेने ओळी जुळवत बसल्यास एखादी दुरुस्ती हमखास निसटते.

प्रश्न : एक्सेलमध्ये मी ‘न्यू विंडो’ घेतली. पहिल्या विंडोत वरची शीर्षकाची ओळ फ्रीझ केलेली होती, ती दुसऱ्या विंडोत फ्रीझ नव्हती. काम संपल्यावर मी एक विंडो बंद करून फाइल सेव्ह केली, तर आता फ्रीझ केलेली ओळच नाहीशी झाली आहे. माहिती गेली नाही, पण हा प्रकार काय आहे?

उत्तर : आपण बहुधा मूळची, म्हणजे 1 आकड्याची विंडो बंद केली आणि नंतर उघडलेली शिल्लक ठेवली. पेशींमधील आकडे आणि सूत्रे वर्कबुकची असतात. फ्रीझ केलेल्या ओळी, झूम, ग्रिडलाइन दिसाव्यात की नाहीत, या गोष्टी विंडोच्या असतात. एक्सेलच्या बऱ्याच आवृत्त्यांत नवी विंडो ही सजावट सोबत न घेता कोरी उघडते. आपण जी विंडो शिल्लक ठेवली तिची मांडणी फाइलमध्ये गेली आणि बंद केलेलीची नाहीशी झाली.

एक्सएलएसएक्स फाइल ही खरे तर एक झिप फाइल असते. ती उलगडून एखाद्या शीटचा मजकूर पाहिला, तर सुरुवातीलाच ‘शीटव्ह्यूज’ नावाचा भाग दिसतो आणि त्यात सेव्ह करताना उघड्या असलेल्या प्रत्येक विंडोची वेगळी नोंद असते : झूम किती, कोणती पेशी निवडलेली, कोणती ओळ गोठवलेली. म्हणूनच दोन विंडो उघड्या असताना सेव्ह केलेली फाइल पुढच्या वेळी दोन विंडो घेऊनच उघडते. सेव्ह करण्यापूर्वी दुसरी विंडो बंद करावी आणि पहिली राखावी, एवढे पथ्य पुरेसे आहे.

प्रश्न : मी टिपणे लिहिण्यासाठी एक लहान डेस्कटॉप प्रोग्रॅम तयार केला आहे. सगळा मजकूर विंडोतील टेक्स्ट बॉक्समध्येच राहतो आणि सेव्ह करताना तेथून फाइलमध्ये लिहिला जातो. आता मला त्यात ‘न्यू विंडो’ची सोय द्यायची आहे. मी दोन टेक्स्ट बॉक्स घेतले आणि एकात बदल झाला की त्याचा सगळा मजकूर दुसऱ्यात भरायचा अशी व्यवस्था केली. पण कधी प्रोग्रॅम अडकून पडतो, तर कधी दुसऱ्या विंडोतील कर्सर थेट सुरुवातीला जाऊन बसतो. चूक कोठे होत आहे?

उत्तर : मजकुराचा मालक टेक्स्ट बॉक्स आहे, येथेच खरी अडचण आहे. मालक दोन झाले की त्यांच्यात सतत समेट घडवावा लागतो. पहिल्याने दुसऱ्याला बदल कळवला. दुसऱ्याचा मजकूर बदलल्यामुळे त्याने तो ‘बदल’ पहिल्याला उलट कळवला. आणि हे चक्र थांबले नाही की प्रोग्रॅम अडकतो. अशा वेळी ‘सध्या मी कळवत आहे’ अशी एखादी खूण ठेवून चक्र तोडण्याचा मोह होतो. दोन विंडोंपुरते ते निभावते, तिसरी आली की पुन्हा गुंता होतो.

मजकूर कोणत्याही विंडोबाहेर, एका स्वतंत्र दस्तऐवज-ऑब्जेक्टमध्ये ठेवावा. विंडोने त्याला ‘अमुक ठिकाणी अमुक अक्षरे घाल’ एवढेच सांगावे. त्याने ती घालावीत आणि मग आपल्याकडे नोंदवलेल्या सर्व विंडोंना, जिने सांगितले तिच्यासह, ‘अमुक ठिकाणी अमुक बदल झाला’ असे कळवावे. विंडोने पडद्यावरचे चित्र बदलायचे ते ही सूचना आल्यावरच. विंडोंनी एकमेकींशी थेट बोलायचेच नाही, असा नियम केला की चक्र निर्माण होण्यास जागाच राहत नाही. ही विभागणी जुनी आहे : नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी 1979 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या संदर्भात मॉडेल (मूळ माहिती), व्ह्यू (ती दाखवणारा भाग) आणि कंट्रोलर (वापरणाऱ्याच्या आज्ञा घेणारा भाग) ही रचना मांडली. मायक्रोसॉफ्टच्या एमएफसीमध्ये, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिहिण्यासाठीच्या तयार कोडच्या संचात, तीच कल्पना डॉक्युमेंट-व्ह्यू या नावाने आली. तेथे दस्तऐवजाच्या ‘अपडेटऑलव्ह्यूज’ या फंक्शनला बदल कोणत्या व्ह्यूने केला आणि नेमका काय बदलला याची सूचकखूण सोबत देता येते. ती खूण न दिल्यास प्रत्येक व्ह्यू स्वतःला संपूर्ण नव्याने रंगवतो. लहान फाइलीत ते कळत नाही, मोठ्या फाइलीत टाइप करताना पडदा लुकलुकू लागतो.

‘काय बदलले’ हे कळवणे केवळ वेगासाठी नाही. कर्सर उडी मारण्याचे कारण तेच आहे. आपण सगळा मजकूर नव्याने भरता, त्यामुळे दुसऱ्या विंडोला आपला कर्सर कोठे होता हे ठरवण्यास काही आधारच उरत नाही. समजा, पहिल्या विंडोचा कर्सर 200व्या अक्षरापाशी आहे आणि दुसरीचा 3000व्या. पहिलीत 12 अक्षरे टाइप झाली, तर दुसरीचा कर्सर 3012वर गेला पाहिजे. तरच तो ज्या शब्दापाशी होता त्याच शब्दापाशी राहील. पहिलीने 2900 ते 3100 हा भागच पुसला, तर दुसरीच्या कर्सरखालची जमीनच गेली, म्हणून त्याने 2900वर यावे. जेथे दुसरीचा कर्सर आहे नेमक्या तेथेच पहिलीने अक्षरे घातली तर त्याने अलीकडे राहावे की पलीकडे जावे, याचे एकच बरोबर उत्तर नाही. माझ्या मते, ज्या विंडोत कोणी टाइप करत नाही तिच्या कर्सरने जागचे हलू नये.

हाच विचार स्क्रोलला लावावा, आणि येथे बरेच चांगले प्रोग्रॅमही कमी पडतात. दुसऱ्या विंडोत वरच्या कडेला दिसणारी ओळ कोणती, हे पिक्सेलच्या अंतराने लक्षात ठेवले, तर पहिल्या विंडोत वर कोठेतरी एक परिच्छेद वाढला की दुसरीतला मजकूर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून घसरतो. वरची ओळ ज्या अक्षरापासून सुरू होते त्या अक्षराचे स्थान जपावे, कर्सरप्रमाणेच ते पुढे-मागे करावे आणि त्यावरून पिक्सेलचा हिशोब करावा.

आता कोणती गोष्ट दस्तऐवजाकडे आणि कोणती विंडोकडे, हे ठरवायचे राहते. मजकूर, परिच्छेदांची शैली, फाइलचे नाव, ‘सेव्ह न केलेले बदल आहेत’ ही खूण दस्तऐवजाची. कर्सर, निवडलेला भाग, स्क्रोल, झूम, घडी करून लपवलेले परिच्छेद विंडोचे. शंका आली की असे विचारावे : ही गोष्ट एका विंडोत बदलली आणि दुसरीतही बदललेली दिसली, तर वापरणारा खूश होईल की वैतागेल? शोधलेल्या शब्दाला दिलेला पिवळा रंग यांसारखी काही प्रकरणे खरोखर सीमेवरची असतात. तेथे काहीही निवडले तरी चालते; मात्र ते जाणूनबुजून निवडलेले असावे.

हे सर्व स्वतः लिहिण्यापूर्वी आपण वापरत असलेल्या टूलकिटने (विंडो, बटणे, टेक्स्ट बॉक्स यांच्या तयार संचाने) ही सीमा कोठे आखली आहे ते अवश्य पाहावे, कारण प्रत्येकाने ती वेगळ्या ठिकाणी आखली आहे. जीटीके या टूलकिटमध्ये एक टेक्स्ट बफर, म्हणजे मजकुराचा साठा, दोन व्ह्यूंना जोडता येतो, परंतु कर्सर आणि निवड या खुणा बफरकडेच असल्यामुळे एका विंडोत कर्सर हलवला की दुसरीतलाही हलतो. क्यूटीमध्ये एकच टेक्स्ट डॉक्युमेंट दोन एडिटरांना देता येते आणि प्रत्येकाचा कर्सर वेगळा राहतो. पण ओळ कोठे मोडायची हा हिशोब डॉक्युमेंटच्या लेआउटकडे (मांडणीकडे) असतो, त्यामुळे एक विंडो रुंद आणि दुसरी अरुंद असली की त्या एकाच हिशोबावरून दोघींची ओढाताण होते. मॅकच्या कोकोआमध्ये मजकुराचा साठा आणि त्याची मांडणी करणारा लेआउट मॅनेजर मुळातच वेगळे आहेत. एका साठ्याला दोन लेआउट मॅनेजर जोडले की दोन वेगवेगळ्या रुंदीच्या विंडो सुखाने नांदतात. या तिघांत मला कोकोआची रचना सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. सिंटिला या एडिटर घटकातही एक दस्तऐवज अनेक व्ह्यूंना देता येतो. नोटपॅड प्लस प्लसमधील ‘क्लोन टू अदर व्ह्यू’ त्यावरच चालते.

शेवटी, एकाच आज्ञेने हजार ठिकाणी शब्द बदलले जाणार असतील तर हजार सूचनांमागे हजार वेळा रंगकाम होऊ देऊ नये. कर्सर आणि स्क्रोल प्रत्येक सूचनेसरशी सरकवावेत, पडदा मात्र आज्ञा पूर्ण झाल्यावर एकदाच रंगवावा. आणि सूचना मिळत असताना कोणत्याही विंडोने दस्तऐवजात नवा बदल करू नये. तसे झाले तर रांगेतील पुढच्या विंडोला जुन्या बदलाची बातमी नव्या मजकुरावर लागू करावी लागते, आणि तेथून निघणारे दोष शोधणे फार जिकिरीचे असते.

प्रश्न : दोन विंडो उघड्या असताना दुसरीत कंट्रोल-झेड दाबले, तर पहिलीत केलेला बदल मागे जातो. प्रत्येक विंडोचा अनडू वेगळा नको का?

उत्तर : नको. अनडूचा इतिहास दस्तऐवजाचा असतो. पहिलीत एक परिच्छेद लिहिला, दुसरीतून त्याच परिच्छेदातील एक शब्द बदलला, आणि मग पहिलीत अनडू करून परिच्छेदच काढून टाकला, तर शब्द बदलण्याची नोंद कशावर उलटवायची? बदल ज्या क्रमाने झाले त्याच्या उलट क्रमाने मागे जाणे हाच एका माणसाच्या कामापुरता विश्वासार्ह मार्ग आहे. आपली तक्रार मात्र निराधार नाही : ज्या विंडोत काम चालू आहे तेथे काहीच हलताना दिसले नाही, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा कंट्रोल-झेड दाबतो आणि नकळत बरेच काही मागे नेतो. म्हणून मागे घेतलेला बदल चालू विंडोत दिसत नसेल, तर प्रोग्रॅमने ती विंडो त्या जागी सरकवून तो भाग दाखवावा.

प्रश्न : दोनपैकी एक विंडो बंद करताना माझा प्रोग्रॅम ‘बदल सेव्ह करायचे का?’ असे विचारतो. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. एक विंडो गेली तरी दस्तऐवज दुसरीत जिवंत आहे. हा प्रश्न शेवटची विंडो बंद होताना विचारावा. ‘नको’ या उत्तराने दुसऱ्या विंडोसमोरचे काम धोक्यात येईल, अशी शंकासुद्धा वापरणाऱ्याच्या मनात येता कामा नये. याच्याशी निगडित एक गोष्ट आपण तपासावी : तीच फाइल ‘ओपन’मधून पुन्हा निवडली, तर प्रोग्रॅमने स्मृतीत दुसरा दस्तऐवज तयार न करता आधीचीच विंडो पुढे आणावी. अन्यथा दिसायला दोन व्ह्यू आणि प्रत्यक्षात दोन दस्तऐवज अशी स्थिती होते, आणि जो नंतर सेव्ह होईल तो आधीच्याचे काम पुसून टाकतो. तुलना करताना केवळ नावाची अक्षरे जुळवू नयेत, कारण एकच फाइल शॉर्टकटमधून, लिंकमधून किंवा लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकाने वेगळ्या नावाने समोर येऊ शकते. ऑपरेटिंग सिस्टिमकडून फाइलची खरी ओळख मागवून तीच जुळवावी.