रोगजंतूंची जनुके यजमानात उतरतात का?

प्रश्न असा आहे की रोग निर्माण करणारे जिवाणू आणि त्यांचे यजमान (ज्यांच्या अंगात ते वाढतात ती झाडे, प्राणी किंवा माणसे) यांच्यात जनुकांची देवाणघेवाण होते का, आणि होत असेल तर रोग अंगात कायमचा मुरतो का. पहिल्याचे उत्तर 'होते, पण क्वचित' असे आहे. दुसऱ्या प्रश्नापायी आमची दोन एकर डाळिंबाची बाग गेली, म्हणून लिहितो.

२००८ साली सांगोल्याकडच्या आमच्या भगवा जातीच्या डाळिंबबागेवर तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग आला. मी तेव्हा सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. बागांना सल्ला देणारे एक गृहस्थ वडिलांना म्हणाले की रोग आता झाडांच्या जनुकांत शिरला आहे, कितीही छाटणी आणि फवारणी केली तरी तो आतूनच उगवणार. थोरल्या बंधूंना ते पटले आणि सुमारे सहाशे झाडे चार दिवसांत उपटली गेली. मी विरोध केला, पण अजून शिकत असलेल्या धाकट्याचे कोण ऐकणार? पुढच्या वर्षी शेजारच्या गावातून गुटीची, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळे फोडून तयार केलेली, रोपे आणली. जुन्या झाडांबरोबर रोग गेला अशी खात्री असल्यामुळे ज्या बागेतून गुटी बांधली ती पाहण्याची गरज माझ्याशिवाय कोणालाच वाटली नाही, आणि पहिल्याच बहाराला फळांवर तेच काळपट, तेलकट डाग दिसले.

तेल्याचा झँथोमोनास हा जिवाणू झाडाला आपली जनुके देत नाही. तो सुईसारख्या रचनेतून पेशीत प्रथिने सोडतो आणि ती झाडाची प्रतिकारशक्ती दाबतात. भातावर कडा करपा आणणारा त्याचा भाऊबंद तर अशी प्रथिने सोडतो की ती भाताच्या डीएनएवर बसून त्याचीच साखर वाहणारी जनुके चालू करतात. तरीही जिवाणूचे जनुक भातात जात नाही. आमच्या बागेत रोग परत आला तो रोपांच्या खोडात लपून आलेल्या जिवंत जिवाणूंमुळे.

खरे हस्तांतर पाहायचे तर ते वनस्पतींच्या खोडावर गाठी आणणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियममध्ये पाहावे. गाठीतून जिवाणू पूर्णपणे काढून टाकले तरी ती वाढतच राहते, हे आर्मिन ब्राउन यांनी १९४०च्या दशकात दाखवले होते. त्याचे कारण १९७७ साली मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांना सापडले, जिवाणूच्या डीएनएचा एक तुकडा गाठीच्या पेशींत जाऊन बसलेला असतो. त्या पेशी मग जिवाणूला खाता येतील अशी संयुगे बनवू लागतात. पंढरपूरच्या वारीत एकादशीला आपण जे रताळे खातो, त्याच्या लागवडीतील जातींतही याच कुळातील जिवाणूंची जनुके पूर्वापार असल्याचे २०१५ साली सिद्ध झाले, आणि त्यामुळे रताळे रोगट झालेले नाही. उलट दिशेचेही उदाहरण आहे: २०११ साली परमा या गुप्तरोगाच्या जिवाणूच्या तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ११ टक्के नमुन्यांत मानवी डीएनएचा तुकडा आढळला. परंतु २००१ साली मानवी जनुकसंचात जिवाणूंकडून थेट आलेली दोनशेहून अधिक जनुके असू शकतात असा जो दावा झाला होता, तो त्याच वर्षी अधिक प्रजातींशी तुलना केल्यावर सुमारे चाळीसपर्यंत खाली आला. म्हणून 'जनुकात शिरले' हे वाक्य कोणी सहज उच्चारले तर मला राग येतो.

बंधू आजही म्हणतात की बाग काढणे योग्यच होते. खोडापर्यंत रोग गेलेली बाग कधीकधी काढावी लागते, हे मलाही मान्य आहे. तो निर्णय केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातील तज्ज्ञांना विचारून घ्यावा. पण आमचे दुसरे नुकसान झाले ते गुटीची मातृबाग न पाहिल्यामुळे, आणि हे मी त्यांना रोपे आणण्याआधीच सांगितले होते.