जुन्या २१ इंची रंगीत टीव्हीच्या कोपऱ्यात जांभळट डाग पडलाय. पिक्चर ट्यूब गेली का?

बहुधा नाही. डाग एकाच कोपऱ्यात असेल आणि चित्र स्पष्ट असेल, तर ट्यूबमधल्या पत्र्यात चुंबकत्व शिरलंय, एवढंच. ट्यूब बदलण्याचा खर्च करू नका.

इलेक्ट्रॉनच्या झोताला रंग नसतो. ट्यूबच्या मानेतल्या, इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तीन गनना लाल, हिरवी, निळी म्हणतात, पण तिन्हींतून निघणारे इलेक्ट्रॉन अगदी सारखेच. रंग असतो तो काचेला आतून लावलेल्या फॉस्फरच्या (झोत पडला की चमकणाऱ्या लेपाच्या) बारीक ठिपक्यांत किंवा पट्ट्यांत. काचेच्या जरा मागे बारीक भोकांचा पातळ पत्रा असतो, त्याला शॅडो मास्क म्हणतात. तिन्ही झोत एकाच भोकातून थोड्या वेगळ्या कोनांतून घुसतात, म्हणून प्रत्येक झोत आपापल्या रंगावरच पडतो. उरलेले दोन रंग त्याच्यापुरते पत्र्याच्या सावलीत राहतात. बहुतेक इलेक्ट्रॉन पत्र्यावरच आपटून वाया जातात. हे सगळं गणित कोनावर चालतं. जवळच्या स्पीकरच्या चुंबकाने झोत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा जरी सरकला, तरी तो शेजारच्या रंगावर पडतो आणि डाग दिसतो.

आधी स्पीकर, स्टॅबिलायझर लांब करा. पत्रा आधीच चुंबकित झाला असेल तर डाग तरीही राहील. त्यासाठी ट्यूबभोवती डीगॉसिंग कॉईल, म्हणजे चुंबकत्व घालवणारी तारेची गुंडाळी असते. मेन स्विच लावताच पॉझिस्टरमधून (तापला की करंट अडवणाऱ्या भागातून) तिला एसी करंट मिळतो; पॉझिस्टर तापला की दोन-तीन सेकंदांत करंट उतरत जातो आणि पत्र्यातलं चुंबकत्व निघून जातं. रिमोटने बंद-चालू करून बऱ्याच टीव्हींत हे घडत नाही. म्हणून मेन स्विच बंद करा, अर्धा तास पॉझिस्टर थंड होऊ द्या, मग लावा. असं तीन-चार वेळा करा. स्विच लावताना ‘धुम्म’ असा आवाजच येत नसेल, तर पॉझिस्टर गेलाय किंवा कॉईलचा कनेक्टर निघालाय. हा पार्ट स्वस्त असतो, पण मेकॅनिककडूनच बदलून घ्या. ट्यूबच्या ॲनोडला २५ किलोव्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज उरतो, त्यामुळे मागचं झाकण स्वतः उघडू नका.

मेकॅनिक हातातली कॉईल फिरवणार असेल, तर ती गोल फिरवत हळूहळू दीड-दोन मीटर मागे नेऊन मगच बंद करायला सांगा. पडद्याजवळच बंद केली तर डाग आणखी वाढतो.

टीव्ही पडल्यानंतर डाग आला असेल, तर मात्र पत्रा वाकला असण्याची किंवा योक (ट्यूबच्या मानेवरची, झोत वळवणारी कॉईल) सरकल्याची शक्यता धरा. योक पुन्हा बसवता येतो, वाकलेला पत्रा सरळ करता येत नाही.