आधी हवा वजा कर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख मिळाला. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, हवेवर आदळले की म्युऑन नावाचे कण खाली येतात. त्यांची संख्या रोज ठरावीक वेळी वरखाली होते, म्हणून वैश्विक किरणांतला दिशाभेद, म्हणजे काही दिशांनी ते जास्त येतात हे, सापडलं असं तू धरून चालला आहेस. जरा दमानं घे. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो. तो एक हेक्टोपास्कल चढला की म्युऑन 0.1 ते 0.2 टक्क्यांनी घटतात. तुला हवा असलेला फरकही जेमतेम तेवढाच. बॅरोमीटरच्या नोंदी कुठे आहेत?

दाब वजा करता येतो, पण वरच्या थरांतल्या तापमानानेही म्युऑन कमीजास्त होतात, त्याचा हिशेब घरबसल्या होत नाही. त्यावर जुना उपाय आहे. दोन म्युऑन-दुर्बिणी घे, म्हणजे ठरावीक दिशेने येणारे म्युऑन मोजणाऱ्या पेट्या, एक पूर्वेकडे आणि एक पश्चिमेकडे, दोन्ही 30 अंश कललेल्या. हवा दोघींवर सारखीच, त्यामुळे वजाबाकीत ती बहुतेक निघून जाते. पूर्वेची दुर्बीण आणखी दोन तासांनी माथ्यावर येणारं आकाश बघते, पश्चिमेची दोन तासांपूर्वी येऊन गेलेलं. म्हणून त्या वजाबाकीला चाराने भागलं की संख्या ताशी किती बदलते ते हाती येतं. पश्चिमेकडून कण थोडे जास्तच येतील, त्याने बिचकू नकोस. अवकाशातून येणारे बहुतेक मूळ कण धनभारित असतात आणि पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना वळवतं. 1933 साली मेक्सिको सिटीत हे मोजूनही झालं. तो फरक कायमचा असतो, रोजच्या लाटेत मिसळत नाही.

घात होईल तो अगाशीवर. बडोद्याच्या मे महिन्यात सकाळचं ऊन पूर्वेच्या पेटीवर, दुपारचं पश्चिमेच्या. पेटी तापली की फोटोमल्टिप्लायरची, म्हणजे आतला अंधुक प्रकाश टिपणाऱ्या नळीची, गणती सरकते आणि दोन पेट्यांच्या फरकात 24 तासांची देखणी, साफ खोटी लाट उमटते. तेव्हा सगळं खालच्या मजल्यावर आण. म्युऑनाला स्लॅबचं काही वाटत नाही, आणि उत्तरायणाला पतंगवाल्या पोरांचे पायही केबलमध्ये अडकणार नाहीत. अधूनमधून दोन्ही पेट्यांची अदलाबदल कर: लाट पेटीबरोबर फिरली तर ती पेटीची, दिशेबरोबर राहिली तर पुढे बोलू.

ताऱ्यांच्या संदर्भातला दिशाभेद मात्र सध्या सोड. तो हजारात एक किंवा त्याहूनही कमी, आणि आपल्या पेटीला दिसणाऱ्या कमी ऊर्जेच्या कणांची मूळ दिशा सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रात हरवून जाते. ते काम उटीच्या ग्रेप्स-3 या वैश्विक किरणांच्या मोठ्या प्रयोगाला शोभतं. तिथे 560 चौरस मीटरची म्युऑन दुर्बीण आहे. तू सूर्याच्या दिवसाची, म्हणजे 24 तासांची, लाट धर. विक्रम साराभाईंनी 1947 साली अहमदाबादेत पीआरएल ही भौतिकशास्त्राची संशोधन प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हा त्यांचा स्वतःचा विषय वैश्विक किरणांचे कालपरत्वे होणारे बदल हाच होता, म्हणजे विषय काही कमी तोलाचा नाही.

आणि वेळ भारतीय प्रमाणवेळेत लिहू नकोस, तिथल्या सूर्याप्रमाणे लिही. बडोद्याचा सूर्य तिच्यापेक्षा सरासरी 37 मिनिटं मागे चालतो.

पुढच्या खेपेला आलेख नको, कच्च्या नोंदी पाठव. वीज गेलेले तासही त्यात दाखव.