१८१० च्या गाऊनसाठी छापील सुती कापड: आधी कापड कसं पडतं ते बघा, मग छाप

प्रश्न असा आहे की १८१० च्या सुमाराचा इंग्लिश दिवसाचा गाऊन शिवायला कोणतं छापील सुती कापड घ्यावं आणि किती.

बहुतेकांची चूक कापडाच्या जाडीत होते. गोधडीसाठी मिळणारं छापील कापड दाट आणि ताठ असतं. छातीखालच्या कंबरेला पाठीमागे बारीक चुण्या घातल्या की ते खाली पडण्याऐवजी फुगून उभं राहतं, आणि गाऊनची सरळ, लांबट रेघच मोडते. केंब्रिक, लॉन (दोन्ही बारीक सुताची, हलकी सुती कापडं) किंवा जरा घट्ट विणीची मलमल घ्या. दुकानात कापडाची कड चिमटीत धरून चुण्या पाडा आणि बाकीचं मोकळं सोडा. चुण्या सरळ खाली आल्या तर घ्या. सुताचा एक धागा जाळूनही बघा: राख भुरभुरीत हवी. कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर मिसळलेलं आहे.

छाप लहान हवा. पांढऱ्या किंवा गडद जमिनीवर (म्हणजे छापामागच्या मूळ रंगावर) विखुरलेली बुटी, ठिपके, बारीक वेलपट्टी. सांगानेरी बुटी यात छान बसते. मोठी फुलं आणि सोनेरी खडी (चमकीची छपाई) नको. त्या काळी ठशांबरोबर रोलरची छपाईही होती (थॉमस बेलचं पेटंट १७८३ चं), त्यामुळे यंत्रावरची एकसारखी बारीक नक्षीही चुकीची नाही.

रंग मात्र नीट निवडा. मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून तुरटी लावलेल्या कापडावर लाल-गुलाबी आणि लोखंडाचं पाणी लावलेल्यावर काळा नाहीतर मंद जांभळा मिळे. झगझगीत जांभळा टाळाच, तो १८५६ नंतरच्या कृत्रिम रंगांचा. हिरवा बहुधा पिवळा आणि नीळ एकावर एक चढवून होई. पिवळा आधी उडतो, म्हणून जुन्या कापडांवरची पानं आज निळी दिसतात. ती निळी पानं बघून तसाच छाप शोधत बसू नका.

४४ इंच पन्ह्याचं कापड, साधारण सव्वापाच फूट उंचीला, लांब बाह्यांसह ५ मीटर लागतं. घेराला अडीच पन्हे म्हणजे सव्वा मीटरचे तीन तुकडे. तिसऱ्याचा उरलेला अर्धा भाग चोळीला (गाऊनच्या वरच्या भागाला) जातो. बुटी एकाच दिशेची असेल तर अर्धा मीटर जास्त, कारण तुकडे उलटे ठेवता येत नाहीत.

कापायच्या आधी कोमट पाण्यात धुवा, ओलं असताना पांढऱ्या फडक्याने घासा. रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवत राहा. नाहीतर पांढऱ्या अस्तरावर काखेत डाग पडतात आणि ते निघत नाहीत. पांढऱ्या जमिनीच्या कापडाखाली परकर लागेलच. उजेडात पाय दिसतात.